दोर्राकडे पाठ

"आपण बघायला बसलो की दोर्रा हरत नाही," लझर म्हणाला, आणि वाक्य कोपऱ्यापर्यंत पोचावं म्हणून त्यानं चहाचा ग्लास जरा जोरातच टेबलावर ठेवला. "उभा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला माझा. नजर काय चीज असते ते चष्मेवाल्याला विचारावं. ती पोरगी लंडनमध्ये टेनिसच्या फायनलला गेली ना, ती निम्मी ह्या नजरेच्या जोरावर."

त्याचा डावा गाल बधिर होता, त्यामुळे 'जोरावर' मधला ज कुठंतरी ओठाबाहेर सांडला. बाहेर बिझेर्तच्या जुन्या बंदरावर गाड्या नुसत्या बोंबलत होत्या. बायका गच्चीतून जीभ फिरवून लांबच लांब साद घालत होत्या. शेदलीच्या कॅफेत तर बसलेल्यांपेक्षा उभे जास्त होते. अशा वेळी माणसानं काहीही म्हणावं आणि खपून जावं. पण अम्मार तिथंच बसला होता. अम्मार पोस्टातून निवृत्त झालेला. त्याचा आवाज अजून खिडकीच्या पलीकडून यावा तसा यायचा.

"आज कुठं होतास तू?" त्यानं विचारलं.

"इथंच. म्हणजे, येत होतो. दाताकडे गेलेलो."

"म्हणजे मॅच चालू असताना तू दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडलेला."

"शेवटचा पॉइंट बघितला मी."

"तो रिप्ले होता," अम्मार म्हणाला. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे आता सावकाशीनं बोलणार. "पॅरिसला ती हरली तेव्हा तू ह्याच खुर्चीत. न्यूयॉर्कची फायनल हरली, ह्याच खुर्चीत, वर भोपळ्याच्या बिया खात. गेल्या साली लंडनला हरली तेव्हाही ह्याच खुर्चीत, कानाला फोन. माद्रिदला जिंकली तेव्हा तू कुठं? मावशीच्या मातीला. बर्लिनला जिंकली तेव्हा? तुझ्या दुकानात पाणी शिरलेलं. आणि आज दात."

लझर हसला. असं कुणी बोललं की सगळे हसतात, मग आपणही हसायचं, मग विषय बदलतो; त्याप्रमाणे तो हसला. पण बाकी कुणी हसलंच नाही. खमैस कोळी, जो स्वतःच्या सासऱ्याच्या जनाज्यात हसला होता, तोसुद्धा लझरकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्यानं आपली खुर्ची वीतभर मागं ओढली. तेवढाच तो आवाज. खुर्चीचे पाय फरशीवर घासले, बस. लझरला पुढं जेव्हा जेव्हा ही दुपार आठवली, तेव्हा आधी तो आवाज आठवला.

"काका," शेदली गल्ल्यामागून म्हणाला, फार गोडीत म्हणाला, "शनिवारी फायनल तुम्ही घरीच बघा ना. पाय पसरून."

"घरी बघितलं तरी बघितलंच की," खमैस म्हणाला. "नजर काय रस्त्यानं चालत जाते?"

मग त्याच्या समोर, त्यालाच वगळून, चर्चा सुरू झाली. रेडिओवर ऐकलेलं धरायचं का? दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो चालेल का? डोळे मिटून टीव्हीसमोर बसला तर? झोपेत स्वप्नात बघितली तर त्याला जबाबदार कोण? खमैसचं मत पडलं की लझरनं शनिवारी दुपारी खोल समुद्रात जावं, होडी तो देईल. लझर उठला, तेव्हा त्याच्या ग्लासात निम्मा चहा आणि तळाशी चिलगोजे तसेच होते. एरवी शेदली म्हणाला असता, अहो संपवा की. आज म्हणाला नाही.

घरी जाताना तो बंदराच्या कडेनं गेला. निळ्या होड्या पाण्यावर एकमेकींना ढुशा देत होत्या. दारादारात लोक आनंदानं वेडे झाले होते आणि लझर त्यांच्यामधून आपले डोळे सांभाळत चालला होता, पातेल्यात काठोकाठ दूध न्यावं तसे. कुठं सांडायला नको. एका बाईनं कडेवरचं पोर त्याच्यापुढं केलं, "म्हण आजोबांना, दोर्रा झिंदाबाद," आणि त्यानं पटकन मान फिरवली. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. अम्मारचं सगळं बोलाफुलाची गाठ, हे त्याला कळत होतं. शहाणा माणूस होता लझर, अंधाऱ्या खोलीत लोकांना अक्षरं वाचायला लावणारा. पण मन एकदा मागं वळलं की अम्मारपेक्षा वाईट हिशेबनीस होतं. मेव्हण्याची नवी होडी पाण्यात सोडली तेव्हा सगळ्यांत पुढं कोण उभं होतं? लझर. होडी पाण्यात गेली आणि एका अंगाला कलली, म्हाताऱ्या गाढवासारखी. गावाचा फुटबॉल संघ खालच्या गटात ढकलला गेला ते वर्ष कुठलं? ज्या वर्षी त्यानं पहिल्यांदा मोसमाचा पास काढला ते. आणि मग, त्याला नको असताना, आठवणीत ती नगरपालिकेच्या टेनिस मैदानाची तारेची जाळी आली, लाल माती आली, आणि जाळीच्या पलीकडे बारा-तेरा वर्षांची यसरा, त्याची एकुलती एक, पांढरा झगा घातलेली, हातात तिच्यापेक्षा जड वाटणारी रॅकेट.

ती गोष्ट तो लोकांना विनोद म्हणून सांगायचा. यसरा जिंकत होती. मग तिनं जाळीकडे पाहिलं, बापाला पाहिलं, आणि मातीतच फतकल मारून बसली. उठेचना. पंच म्हणाले उठ, आई म्हणाली उठ, समोरची मुलगीसुद्धा म्हणाली उठ. शेवटी समोरच्या मुलीला विजयी केलं आणि यसरा गाडीत मागच्या सीटवर म्हणाली, "बाबा, तू बघू नको ना." लोक हसायचे. तोही हसायचा. त्यानंतर तिनं रॅकेट कपाटावर टाकली ती टाकलीच, आणि त्या घरात तिच्या टेनिसबद्दल कुणी बोललं नाही. ती शिकायला समुद्रापलीकडे मार्सेयला गेली, नोकरीला लागली, तिथलीच झाली. फोन यायचा सणाला. कसे आहात, बरे आहोत, औषध घेता ना, घेतो. चष्म्याचा नंबर वाढला की सांगायची नाही, तिकडंच बदलून घ्यायची. हे त्याला जरा लागायचं.

मग दोर्रा आली. कुठल्याशा कोरड्या गावातली, रुंद खांद्यांची, हरता हरता चेंडू हळूच जाळीपलीकडे टाकून हसणारी. तिच्या एका मोठ्या मॅचला यसराचा फोन आला, "बाबा, बघतोयस?" आणि तो बघतच होता. तेव्हापासून बाप-लेक दोर्राच्या मॅचला फोनवर. तिकडे ती, इकडे शेदलीकडे कानाला फोन लावून तो. बोलत नसत फारसं. "बघितलंस?" "बघितलं." "काय गं ही." "हं." पण श्वास ऐकू यायचा एकमेकांचा, आणि ब्रेक पॉइंटला दोन्हीकडचे श्वास थांबायचे.

लझर घराच्या जिन्यात थांबला. दात आता ठणकायला लागला होता आणि त्या ठणक्याबरोबर एक गोष्ट वर येत होती, जी त्याला नको होती. दोर्रा जिंकली की यसरा म्हणायची, "मस्त रे बाबा, चल, ठेवते." दोर्रा हरली की ती ठेवायची नाही. तासभर बोलायची. आधी दोर्राबद्दल, मग दोर्राच्या कोचबद्दल, मग घसरत घसरत स्वतःबद्दल, ऑफिसातल्या बाईबद्दल, तिकडच्या वाऱ्याबद्दल, एकटीनं जेवताना टीव्ही लावते त्याबद्दल. न्यूयॉर्कची फायनल हरल्यावर तर ती त्याला म्हणाली होती, "मला कधी कधी तुमच्या गल्लीतल्या मासळीचा वास येतो. इथं, लिफ्टमध्ये." सगळं गाव त्या दिवशी सुतकात होतं, आणि लझर शेदलीच्या बाहेर कठड्यावर बसून, मान खाली घालून, दुःखी दिसण्याची काळजी घेत, सुखात होता.

म्हणजे काय? तो अंधारात गिऱ्हाइकांना भिंग बदलून बदलून विचारायचा, हे बरं दिसतंय, की हे? आता कुणीतरी त्याच्या नाकावर ती जड चौकट बसवली होती आणि विचारत होतं. ती जिंकलेली बरी दिसते, की हरलेली? हे, की हे? आणि नजर म्हणजे तरी शेवटी काय, डोळ्यामागं जे हवं असतं तेच ना. बधिर गालावरून काहीतरी ओघळलं. लाळ होती.

नजीबानं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. म्हणजे अम्मारचं, मुलीचं त्यानं सांगितलं नाही. "तुझ्या नजरेत एवढं बळ असतं तर शेजारणीचा एसी कधीच बंद पडला असता," ती म्हणाली. "माझा नाही बाई असल्यावर विश्वास." मग तिनं निखाऱ्यावर ऊद टाकला, धुपाटणं त्याच्या डोक्यावरून ओवाळलं, अगदी खोकला येईपर्यंत, आणि म्हणाली, "पण शनिवारी बघू नकोस."

शुक्रवारी यसराचा फोन आला. उद्या सकाळच्या विमानानं येतेय, दोन दिवस सुट्टी टाकलीय, फायनल आपण दोघं शेजारी बसून बघू.

"अगं पण माझा दात—"

"दातानं बघणारेस का तू?"

त्याला हो म्हणता येईना, नको म्हणता येईना. नको म्हटलं तर ती का येईल? आणि हो म्हटलं तर? रात्रभर, उशी उलटी-सुलटी करत, त्याला वाटत राहिलं की सगळ्या देशाची फायनल आपल्या पापण्यांवर ठेवलीय आणि आपल्याला पापण्यांचाच भरवसा नाही.

शनिवारी यसरा आली. बापाला मिठी मारताना तिच्या चष्म्याची दांडी त्याच्या कानात अडकली. आईनं अंडं भरून तळलेली ब्रीक ती उभ्या उभ्याच खाऊ लागली, अंड्याचा बलक हनुवटीवर, आणि तेवढ्यात दार वाजलं. शेदली, अम्मार आणि खमैस. तिघंही इस्त्रीचे शर्ट घालून, मुलीला मागणी घालायला आल्यासारखे. खमैसनं चक्क मिठाईचा पुडा आणला होता.

"लझरभाऊ," अम्मार म्हणाला, "गावाच्या वतीनं विनंती आहे."

यसरानं सगळं ऐकलं. आधी ती इतकी हसली की ठसका लागला. मग हसायची थांबली. "माझा बाप बघणार," ती म्हणाली. "मी काय विमान पकडून भिंतीशेजारी बसायला आले?"

"ताई, तुमचं बरोबर आहे," खमैस म्हणाला, "पण तुम्ही सोमवारी जाल मार्सेयला. आम्हाला इथंच राहायचंय."

"एक मधला मार्ग आहे," अम्मार म्हणाला. "लझरनं कॅफेत यावं. टीव्हीकडे पाठ करून बसावं. ताईंनी त्याच्यासमोर बसावं. शेजारी काय, समोर काय, टेबल तर एकच."

"मंजूर," लझर म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की तिघंही चपापले. यसरा त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्यानं मिठाईच्या पुड्याची गाठ सोडायला घेतली, जी सुटत नव्हती.

तर अशा रीतीनं, सगळ्या देशाची तोंडं एका दिशेला असताना, लझरचं तोंड उलट्या दिशेला होतं. समोर यसरा. तिच्या मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरवर वाघ. टाळ्या पाठीमागून येत होत्या. चेंडूचा आवाज मानेवर पडत होता, टप, टप, आणि यसराचे डोळे डावीकडे, उजवीकडे. त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ सलग ह्या तोंडाकडे आपण कधी बघितलंच नव्हतं. कानाशी एक पांढरा केस. भुवया आईच्या. नाकावर चष्म्याचे दोन लाल डाग, कारण चौकट घट्ट होती; तिकडच्यांना मेल्यांना नाक कळत नाही. दोर्राचा गुण गेला की तिच्या खालच्या ओठाला बारीकशी मुरड पडायची, जाळीपलीकडे पडायची तशीच. आणि मग त्याला तिच्या भिंगांत ते दिसलं: हिरवा ठिपका. दोन हिरवे ठिपके, नखाएवढे, आणि त्यात इकडून तिकडे पळणारं काहीतरी पांढरं. त्यानं मान खाली घातली, पण ते बघून झालं होतं.

पहिला सेट दोर्रानं घालवला. चांगलाच घालवला. सगळी माणसं वळली.

"मी बघत नव्हतो," लझर म्हणाला.

"चष्म्यात बघत होता," खमैस म्हणाला. "पोरीच्या चष्म्यात. मी ह्याला बघत होतो."

"तू मॅच सोडून मला बघत होतास?"

"कुणीतरी बघायला नको?"

अम्मारनं टोपी काढली. मग यसरानं स्वतःच चष्मा काढला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "झालं समाधान?" तिचा नंबर त्याला ठाऊक होता, चष्म्याशिवाय तिला टीव्ही म्हणजे उजेडाचं एक पोतेरं. आता बाप उलटा बसलेला आणि लेक सुलटी बसून आंधळी. आणि दोर्रा सुटली. पाठीमागं कॅफे नुसता उसळत होता, खुर्च्या पडत होत्या, शेदली कुणाच्या तरी पाया पडत होता, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध दोघं जण एका छोट्या टेबलाशी, गाडी चुकलेल्या प्रवाशांसारखे, एकमेकांकडे बघत बसले होते. उघड्या डोळ्यांनी यसरा लहान दिसत होती.

"काय चाललंय ते मला कळत नाहीये," ती म्हणाली.

"जिंकतेय."

"तुला कसं कळलं?"

"खमैस मला शिव्या देत नाहीये."

ती हसली. मग साखरेची पुडी उलगडत, पुन्हा मिटत म्हणाली, "फोनवर असतो तेव्हा बरं असतं, नाही? समोर बसलं की काय बोलायचं कळत नाही."

लझरनं घसा साफ केला. दात ठणकला. "एक विचारू? ती हरली की तू एवढा वेळ का बोलायचीस?"

"तू रडवेला व्हायचास. ठेवू कसा फोन?"

"आणि जिंकली की?"

"तेव्हा तू खुशीत. माझं काय काम?"

पाठीमागं मोठा गदारोळ झाला. दुसरा सेट दोर्राचा. कुणीतरी लझरच्या टकलाचा मुका घेतला, आणि बघू नको हं, तसाच बस, राजा, म्हणाला. यसरा गोंगाट ओसरायची वाट बघत होती. तिसऱ्या सेटचे चार-पाच गेम झाल्यावर कुठं तो ओसरला, आणि ती टेबलावर पुढं वाकली.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती हरली ना, की मला थोडं बरं वाटायचं."

लझरनं पहिल्यांदा काय केलं, तर अम्मारनं ऐकलं का ते बघायला मान वळवली, आणि टीव्ही दिसेल म्हणून तशीच अर्ध्यात थांबवली. मान आखडली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मलाही, एवढंच म्हणायचं होतं, छोटा शब्द होता, पण तो बाहेर येण्याआधी कॅफेतला आवाज बंद झाला. एकदम. शंभर माणसं एकाच वेळी गप्प झाली.

"काय झालं?"

तिसऱ्या सेटमध्ये दोर्रा पुढं असताना चित्र गोठलं होतं. टीव्हीला जोडलेला शेदलीकडचा डबा चोरवाटेनं चालायचा, जसा गावातल्या सगळ्यांचाच चालायचा, एकाच माणसाकडून घेतलेला; आणि आज सगळं गाव एकाच वेळी त्या एका माणसाच्या तारेवर बसलं होतं. पलीकडच्या कॅफेतही शांत. गच्च्याही शांत. शेदलीनं डब्याला थापट्या मारल्या, बंद करून चालू केला, प्रार्थना केली. फोनवर बघावं तर पडद्यावर चक्र फिरत राहायचं. वेळ जात राहिला. घाम. कुणीतरी कुजबुजलं, आणि ती कुजबुज टेबलाटेबलावरून फिरून लझरच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"काका," शेदली म्हणाला, "आता तरी बघा."

"मी?"

"तुम्ही बघितलं की चालू असलेलं बिघडतं," खमैस म्हणाला. "हे बिघडलेलंय. बघ. देवासाठी बघ."

अम्मारनं विचार केला आणि मान डोलावली. तर्कात खोट नव्हती. चार जणांनी लझरला खुर्चीसकट उचललं आणि फिरवलं. यसरानं चष्मा घातला, आपली खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी लावली, दंडाला दंड. आणि दोघांनी बघितलं.

दोर्रा उभी होती. डावा हात वर, बोटं उघडी, आणि बोटांपासून हातभर वर चेंडू, तिथंच. तोंड किंचित उघडं, मान मागं, घशाशी घामाची एक रेघ. पडद्यावर कुठंतरी चौकोन पडले होते, तिच्या खांद्याचा एक तुकडा गवतात जाऊन बसला होता. लझरनं कधीच कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. तिला काय हवंय हे इतकं उघड दिसत होतं की त्याला लाज वाटली. जिंक, बाई. माझ्या घरचं मी बघून घेईन, लेक जवळ बसलीय माझी, तू जिंक. त्याचे डोळे चुरचुरले, तरी त्यानं पापणी हलू दिली नाही. शेजारी यसराचा श्वास थांबलेला त्याला ऐकू येत होता. फोनवर यायचा तसाच. कॅफेत कुणी हालत नव्हतं. चेंडू वर होता.

मग डबा खरखरला आणि चित्र सुरू झालं. समोरची मुलगी विजेतीचं चांदीचं ताट डोक्यावर धरून हसत होती.

लोक उठून जाऊ लागले. लझरकडे बघायचं टाळून, त्याच्या खुर्चीला वळसा घालून जात होते. यसरा उठली नाही. तिनं चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले, हनुवटी गुडघ्यावर टेकली आणि म्हणाली, "तिनं आधीच पुढं यायला हवं होतं, नाही?"

"कोचची चूक," लझर म्हणाला.

"कोच तर गाढवच आहे. आमच्या ऑफिसात एक बाई आहे, अगदी तशीच. तिचं सांगते तुला." तिनं मागं वळून हात वर केला. "शेदलीभाऊ, दोन चहा. चिलगोजे घालून. आम्ही बसतोय."

शेदली गल्ल्यामागून म्हणाला, गॅस संपलाय.